वाचकांचे प्रश्न : बंड्याचा गुडघा आणि साबुदाण्याच्या गोळ्या

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे बंड्या नावाचा सहा वर्षांचा लॅब्राडोर आहे. वजन ३८ किलो. डिसेंबरपासून तो उजव्या मागच्या पायाने लंगडत होता. आधी काटा रुतला असेल, मग थंडीने पाय आखडला असेल, असे म्हणत आम्ही दोन महिने घालवले. शेवटी तपासणीत गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जोडणारा तंतूंचा पट्टा, तुटल्याचे कळले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया झाली. टाके वेळेवर निघाले, जखमही कोरडी आहे. माझ्या थोरल्या वहिनींचा होमिओपॅथीवर फार विश्वास आहे. त्यांनी मारासाठी आर्निका २००, लिगामेंट जुळून यावा म्हणून रुटा ३० आणि हाड सांधण्यासाठी सिम्फायटम ३० अशा गोळ्या आणून दिल्या. बंड्या त्या आवडीने खातो. वेदनाशामक गोळ्यांनी किडनी खराब होते असे ऐकल्यामुळे आम्ही त्या दहाव्या दिवशीच थांबवल्या. चौथ्या आठवड्यात तो इतका छान चालू लागला की त्याला अंगणात मोकळे सोडू लागलो. गेल्या रविवारी तो मांजरामागे धावला आणि तेव्हापासून उभा राहिला की पाय किंचित उचलून धरतो. आता औषधांची पोटेन्सी वाढवावी का? रुटा किती दिवस द्यावा? आणि हे सगळे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे की त्यांना राग येईल?
– एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर अंक छापून येईपर्यंत थांबणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी त्याच दिवशी आपल्याला फोन केला आणि बंड्याला लगेच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. आपण नेलेत, एक्स-रे काढला, प्लेट आणि स्क्रू जागच्या जागी असल्याचे दिसले आणि गुडघ्याच्या वाटीखालून नडगीपर्यंत जाणारा जाड स्नायुबंध सुजल्याचे निदान झाले, हे आपण नंतर कळवलेत तेव्हा मलाही हायसे वाटले. हे उत्तर आता बंड्याइतकेच, ज्यांच्या घरी असा एखादा बंड्या पट्ट्याला बांधलेला आहे त्या इतर वाचकांसाठीही लिहीत आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सांगावेच. कोणती गोळी सुरू केली, कोणती थांबवली, कोणत्या दिवशी थांबवली, हे सगळे एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावे. मालक होमिओपॅथी देतात याचा राग मला स्वतःला कधी आलेला नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच वेळी. कुत्र्याला वेदनाशामक मिळत आहे असे समजून मी पाय तपासते, तो आखडलेला का आहे याची कारणे शोधत बसते आणि गोळ्या तीन आठवड्यांपूर्वीच बंद झाल्याचे मला शेवटी, दाराशी निरोप घेताना कळते, तेव्हा खरोखर वाईट वाटते. चुकीच्या माहितीवर घेतलेला निर्णय शेवटी त्या मुक्या जनावराला भोगावा लागतो.

आता रुटाकडे येऊ. लिगामेंट जुळून यावा म्हणून रुटा देत आहोत, असे आपण लिहिले आहे. हा समज फार घरांत असतो आणि त्यात घरच्यांचा दोष नाही, कारण ‘लिगामेंटचे ऑपरेशन’ म्हटल्यावर तुटलेला लिगामेंट शिवला असेल असेच कोणालाही वाटेल. टीपीएलओमध्ये मात्र तो शिवलेला नसतो. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार बहुतेक कुत्र्यांत साधारण २५ अंशांच्या आसपास भरतो. कुत्रा पायावर भार देतो तेव्हा मांडीचे हाड या उतारावरून मागे घसरू पाहते आणि लिगामेंट शाबूत असतो तोवर तो ही घसरण अडवून धरतो. माणसाच्या गुडघ्यातला हाच लिगामेंट बहुधा खेळताना किंवा अपघातात एका झटक्यात तुटतो. कुत्र्यांत तो अनेकदा महिनोन्‌महिने दोराच्या पिळासारखा एकेक तंतू उसवत जातो, आणि म्हणूनच सुरुवातीचे लंगडणे काट्यासारखे किंवा थंडीसारखे वाटते. आपले दोन महिने गेले त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नका.

शस्त्रक्रियेत नडगीच्या हाडाचे वरचे टोक गोलाकार करवतीने कापून, मोजून फिरवून, उतार सुमारे पाच अंशांवर आणला जातो आणि त्या स्थितीत प्लेट व स्क्रूंनी पक्का केला जातो. बार्कले स्लोकम या अमेरिकी पशुशल्यचिकित्सकांनी ही पद्धत १९९३ साली प्रसिद्ध केली. उतारच उरला नाही की चालताना लिगामेंटची गरज फारशी भासत नाही, हा त्यामागचा विचार. त्यामुळे बंड्याच्या गुडघ्यात जुळून यायचे आहे ते कापलेले हाड, आणि परत यायचा आहे तो मांडीचा स्नायू. हाड भरून यायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. त्याला कोणत्याही पॅथीची घाई चालत नाही.

हे एवढ्या विस्ताराने लिहिले, कारण चौथ्या आठवड्यात झालेली गडबड याच समजातून झाली असावी. लिगामेंट शिवला आहे, टाके निघाले, कुत्रा छान चालतो, म्हणजे आतलेही भरले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांचा काळ सर्वांत फसवा असतो. कुत्र्याला बरे वाटू लागलेले असते आणि हाड मात्र अजून कच्चे असते. या काळात एक उडी, गुळगुळीत फरशीवर एक घसरण किंवा मांजरामागे एक धाव एवढ्याने स्क्रू ढिला होऊ शकतो, नडगीच्या पुढच्या कंगोऱ्याला तडा जाऊ शकतो किंवा बंड्यासारखा वाटीखालचा स्नायुबंध सुजतो. बंड्या थोडक्यात बचावला.

आता होमिओपॅथीबद्दल माझे मत स्पष्टपणे सांगते. डॉ. सॅम्युअल हानेमान यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणे निर्माण करतो, तोच अत्यंत विरल करून दिल्यास तीच लक्षणे बरी करतो, हे तिचे सूत्र. त्या परंपरेत आर्निका मुका मार आणि सूज यांसाठी, रुटा स्नायुबंध, लिगामेंट आणि हाडावरचे आवरण यांसाठी, तर सिम्फायटम मोडलेल्या हाडासाठी सांगतात. वहिनींनी निवडलेली औषधे त्यांच्या शास्त्राच्या चौकटीत चुकीची नाहीत. उठताना आखडणे आणि चालल्यावर मोकळे होणे असेल तर ऱ्हस टॉक्स, आणि हालचालीने दुखणे वाढत असेल तर ब्रायोनिया, असेही त्या पुढे सुचवतील. पण ३० पोटेन्सी म्हणजे एका भागात नव्व्याण्णव भाग मिसळण्याची क्रिया सलग तीस वेळा केलेली असते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू तरी उरण्याची शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली माणसांवरील उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि ज्यात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा आहे असा एकही आजार नाही, असा निष्कर्ष काढला. या गोळ्यांनी बंड्याचे हाड लवकर सांधेल असे मी आपल्याला सांगू शकत नाही, आणि पोटेन्सी २०० वरून हजारावर नेल्याने मांजरामागे धावल्याची भरपाई होईल असे तर मुळीच सांगू शकत नाही.

मग बंद करा म्हणून सांगू का? तशी गरज मला दिसत नाही. साखरेच्या त्या चार बारीक गोळ्यांनी बंड्याचे काही बिघडत नाही आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मायेने आणून दिलेल्या वस्तूचा मान राहतो. रुटा किती दिवस, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच की त्याचा हिशेब वहिनींच्या डॉक्टरांना विचारावा. मात्र या गोळ्या एखाद्या उपचाराच्या जोडीला असाव्यात, त्याच्या जागी नसाव्यात. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलेली एकही गोष्ट त्यांच्यामुळे टळू किंवा लांबू नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. त्यामुळे माणसांच्या होमिओपॅथी डॉक्टरांचा सल्ला घेतला तरी तो बंड्याच्या पशुवैद्यकांच्या कानावर घालूनच अमलात आणावा.

देताना काही पथ्ये मात्र जरूर पाळावीत. गोळ्या द्याव्यात, थेंब देऊ नयेत, कारण थेंबांत अल्कोहोल असते. मदर टिंक्चर तर अजिबात नको. त्यात वनस्पतीचा प्रत्यक्ष अर्क असतो आणि सिम्फायटमच्या वनस्पतीतले काही घटक यकृताला घातक आहेत. आर्निकाचे मलम जखमेच्या आसपास लावू नये, कुत्रा ते चाटून पोटात घेतो. आणि आपल्या पत्रात नसलेली, पण फोनवर बोलताना आपणच सहज सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. डबीतल्या गोळ्यांचा खुळखुळ आवाज आला की बंड्या जिथे असेल तिथून उठून, शेपूट हलवत, पुढचे पाय उचलून आपल्या अंगावर येतो. गोड खाऊची डबी ओळखीची झाली आहे त्याच्या. दिवसातून तीन वेळा गोळ्या म्हणजे दिवसातून तीन वेळा मागच्या पायांवर उभे राहणे, तेही सांधत असलेल्या हाडावर ३८ किलोंचा भार टाकून. गोळ्या कागदाच्या पुडीत काढून ठेवा, तो बसलेला असतानाच त्याच्या शेजारी बसा आणि चमचाभर पाण्यात विरघळवून द्या. पुडीचा आवाज होत नाही.

वेदनाशामकांबद्दल आपण ऐकले ते पूर्ण खोटे नाही. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब यांसारख्या गोळ्यांचा पोटावर, यकृतावर आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच त्या वजनानुसार मोजून, जेवणानंतर आणि रक्ताची तपासणी करून देतात. उलटी, भूक मंदावणे, काळी शी यांतले काही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. पण काहीही न दिसता केवळ भीतीने थांबवणे योग्य नाही. कुत्रा वेदना बोलून दाखवत नाही, बहुतेक वेळा कण्हतही नाही, तो फक्त पाय वापरायचे सोडतो, आणि न वापरलेल्या पायाचा स्नायू दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका वितळतो. वेदना आटोक्यात असलेला कुत्रा पाय टेकवतो, आणि टेकवलेला पाय बरा होतो. गोळीची मुदत संपल्यावर पुढे काय, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरातली माणसांची वेदनाशामके, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, कुत्र्याला कधीही देऊ नयेत. याच डायक्लोफेनॅकच्या जनावरांतल्या वापरामुळे आपल्या देशातली गिधाडे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचली आणि २००६ साली त्या वापरावर बंदी आणावी लागली. कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीलाही ते मारक आहे. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामकाबरोबर स्टिरॉइडही देऊ नये, आतड्याला जखमा होतात.

‘बंड्या होमिओपॅथीच्या गोळ्यांनीच छान चालू लागला’ असे आपण आणि वहिनी दोघेही म्हणालात. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताने लंगडणाऱ्या, पण प्रत्यक्षात निष्क्रिय गोळी मिळणाऱ्या कुत्र्यांचे चालणे पायाचा भार मोजणाऱ्या यंत्रपट्टीवर तपासले गेले आणि त्याच वेळी मालकांना व पशुवैद्यकांना ‘सुधारणा दिसते का’ असे विचारले गेले. यंत्राला सुधारणा दिसत नसतानाही मालकांना ती जवळपास चाळीस टक्के वेळा दिसली, आणि पशुवैद्यकांना त्याहून किंचित अधिक वेळा. म्हणजे हा भ्रम मलाही होतो. आपण ज्याच्यावर जीव लावतो त्याला बरे वाटताना पाहण्याची ओढच इतकी असते की डोळे तिच्या बाजूने साक्ष देतात. त्यात बंड्या तर चौथ्या आठवड्यात तसाही छान चालू लागणारच होता, कारण शस्त्रक्रिया यशस्वी झालेली बहुतेक कुत्री त्या सुमारास तशी चालतात.

म्हणून डोळ्यांऐवजी वहीवर विश्वास ठेवा. घरात शिंप्याची टेप असेलच. बंड्याला शांत उभे करून दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर, शक्यतो जांघेच्या जवळ, केस दाबून मोजा आणि दर रविवारी लिहून ठेवा. शस्त्रक्रियेच्या पायाचा घेर दुसऱ्या पायाच्या जवळ येऊ लागणे ही खरी प्रगती. त्याच्या मागच्या पंजाची मधली दोन नखे पाहा. पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्याची ही नखे पुढून घासून चपटी होतात आणि फरशीवर प्रत्येक पावलाला एक बारीक खर्रकन आवाज येतो, जो रात्री घर शांत झाल्यावर सहज ऐकू येतो. तो बसतो कसा हेही पाहा. गुडघा दुखणारा कुत्रा दोन्ही टाचा अंगाखाली न घेता तो एक पाय बाजूला फेकून बसतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी, मोबाइल त्याच्या उंचीवर धरून समोरून आणि मागून वीस पावलांचा व्हिडिओ काढा. आठव्या आठवड्याच्या एक्स-रेला जाताना ही वही आणि हे व्हिडिओ बरोबर न्या. डॉक्टर आपले आभार मानतील.

घरातल्या फरश्यांचाही विचार करावा लागेल. नागपुरातल्या बहुतेक घरांत आता गुळगुळीत टाइल्स आहेत आणि उन्हाळ्यात कूलरचे पाणी सांडून त्या आणखी निसरड्या होतात. बंड्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत जुन्या सतरंज्या किंवा रबरी चटया अंथरा. सतरंजीखाली घसरण रोखणारी जाळी टाका, नाहीतर सतरंजीच सरकेल. जिन्याला आडवी फळी लावा. दिवाण आणि सोफा यांवर चढणे बंद. बाहेर नेताना एक जुना टॉवेल पोटाखालून झोळीसारखा धरा, म्हणजे पाय घसरला तर तोल आपल्या हातात राहील. फिरणे फक्त पट्ट्यावर, हळू चालीने. बंड्याच्या बाबतीत सूज उतरेपर्यंत केवळ शी-शूपुरते, आणि त्यानंतर डॉक्टरांनी होकार दिल्यावर पाच मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करून दर आठवड्याला साधारण पाच मिनिटे वाढवावीत. हळू चालवण्यामागे कारण आहे. हळू चालताना कुत्र्याला प्रत्येक पाय टेकवावाच लागतो. दुडक्या चालीत तो दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळून मोकळा होतो.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच बाहेर न्या. डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर तो त्याच्या तळव्यांनाही बसणार. बर्फाचा शेक पहिल्या काही दिवसांसाठी असतो, पण आता पुन्हा सूज आली आहे म्हणून रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, दिवसातून तीनदा ठेवायला हरकत नाही. पोहण्याने स्नायू सुधारतात हे खरे असले तरी फुटाळा किंवा अंबाझरीच्या पाण्यात त्याला उतरवू नका. काठावरची घसरण आणि अचानक घेतलेली उडी या दोन्ही गोष्टी आत्ता परवडणाऱ्या नाहीत.

राहिला वजनाचा प्रश्न, आणि इथे मी आपल्याशी थोडे कठोर बोलणार आहे. सहा वर्षांच्या मध्यम बांध्याच्या लॅब्राडोरला ३१-३२ किलो पुरेत. सहा-सात किलो जास्तीचे वजन प्रत्येक पावलाला त्या गुडघ्यावर आदळते. ४८ लॅब्राडोरांचा आयुष्यभर पाठपुरावा करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या जोडीदारापेक्षा एक चतुर्थांश कमी खाणे मिळालेली कुत्री जवळपास दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. कोणत्याही डबीतल्या कोणत्याही गोळीपेक्षा मला हा आकडा मोलाचा वाटतो. तूप लावलेली पोळी, चहाबरोबरचा टोस्ट, रविवारच्या पोह्यांतला घास, सगळे बंद. पोह्यांतला कांदा तर कुत्र्याच्या रक्तपेशींना विषच. हाड सांधायचे म्हणून वरून कॅल्शियमचे टॉनिकही नको, तयार संतुलित आहारात ते पुरेसे असते. भूक भागत नसेल तर उकडलेली दुधी किंवा काकडी द्या.

प्रश्न : आमची पॉमेरियन बारा वर्षांची आहे, वजन नऊ किलो. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आहे असे सांगितले. या वयात भूल द्यायची भीती वाटते. शस्त्रक्रिया टाळून केवळ होमिओपॅथीवर ती बरी होईल का?
– एक वाचिका, कामठी

उत्तर : ताई, आपली भीती मी समजू शकते. पंधरा किलोंच्या आतल्या कुत्र्यांपैकी बरीच कुत्री शस्त्रक्रियेविना सहा ते आठ आठवड्यांच्या कडक विश्रांतीने, वजन उतरवून आणि वेदनाशामकांच्या मदतीने पुन्हा चालू लागतात. सांध्याभोवती तंतुमय आवरण जाड होत जाते आणि ते सांध्याला आधार देते. या काळात आपण रुटा किंवा ऱ्हस टॉक्स दिलेत आणि ती चालू लागली, तर श्रेय गोळ्यांना जाईल. पण ती चालेल ती विश्रांतीमुळे, म्हणून विश्रांतीत कसूर नको. ‘केवळ होमिओपॅथी’ हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण त्यात वेदनेवर खरा उपाय होत नाही आणि या वयात वेदना अन्न-पाणी तोडते.

निर्णयापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्या. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष खूप आढळतो आणि तोही जोडीला असेल तर गणित बदलते. दुसरे म्हणजे, चालताना गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो का हे ऐका. आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली असेल तर विश्रांतीने ती दुखायची थांबत नाही. वय हा स्वतः आजार नव्हे. हृदय, रक्त आणि किडनी यांची तपासणी चांगली आली तर बारा वर्षांच्या कुत्रीलाही भूल देता येते. दुसरे मत हवे असेल तर सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून पाहा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या रॉटवायलरच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो डाव्या पायाने लंगडतो. तेव्हा सहा महिने कॅल्केरिया फॉस आणि रुटा दिले होते, तरी असे का व्हावे? आमचे काही चुकले का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आपले काही चुकले नाही. एका गुडघ्याचा लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा दुसऱ्या गुडघ्याचाही पुढेमागे तुटतो, कारण उसवण्याची क्रिया दोन्हीकडे चालू असते. ती गोळ्यांनी थांबल्याचे मी पाहिलेले नाही. ‘पुन्हा गोळ्या सुरू करून महिनाभर पाहू’ असे मात्र कृपया करू नका. लिगामेंट अर्धवट तुटलेला असताना शस्त्रक्रिया झाली तर मेनिस्कस वाचण्याची शक्यता जास्त असते, आणि आपण आधीच एकदा हे सगळे केलेले आहे, त्यामुळे सतरंज्या, टॉवेलची झोळी आणि जिन्यावरची फळी घरात असतीलच. याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या, आणि जाताना उजव्या गुडघ्याचा जुना एक्स-रे बरोबर न्यायला विसरू नका.